मी गेले की तुटणारी लाइन

"ताई, मी दिसून राहिली, पण हलून नाही राहिली."

अकोल्यात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवताना हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलंय, त्याला हिशेब नाही. कुणाचा चेहरा अटकतो, कुणाच्या जावयाचं तोंड आधी हलतं आणि आवाज मागून येतो. कुणाचा साहेब ऐन प्रश्न विचारताना जांभई दिल्यासारखा गोठतो. सगळं सांगून झालं की शेवटी एक पालुपद असतंच: "पाच मिनिटांचं काम हाय ताई, येता का?" काम पाच मिनिटांचं आहे हे त्यांना कसं कळतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पाच मिनिटांचं होतं तर तूच काहून नाही केलं बापा, हे अगदी ओठांवर येतं आणि मी गिळते. दुकान चालवायचं असतं ना.

त्यात मी बाई. फोनवर म्हणतात, "मेकॅनिक पाठवा." मी म्हणते, "मीच येते." तर म्हणतात, "तुमी काहून तरास घेता, मेकॅनिकच येऊ द्या." आता पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी माझ्या पिशवीतला पेचकस बाहेर निघेपर्यंत समोरच्याचा जीव भांड्यात पडत नाही.

ज्यांना या कामातलं काही माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुम्ही संगणकावर सिनेमा बघता, तेव्हा तो डब्यात भरलेल्या फराळासारखा असतो. पुढचा भाग आधीच येऊन साठलेला असतो, त्यामुळे मधे लाइन जराशी अडखळली तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. व्हिडिओ कॉल म्हणजे तव्यावरची पोळी. आली तशी ताटात पडली पाहिजे, साठवून ठेवता येत नाही. तुमचा चेहरा आणि आवाज बारीक तुकड्यांत जातो, आणि ज्या तुकड्याला उशीर झाला तो सरळ फेकला जातो. म्हणून सिनेमा मस्त चालतो आणि फोनवरचा माणूस तुटतो. "सिनेमा तर चालून राहिला, मग लाइन खराब कशी?" असं मला दर आठवड्याला कुणीतरी वकिलासारखं विचारतं, आणि मी दर आठवड्याला पोळी लाटते.

बरं, तुकडे कुठंही हरवू शकतात. बाहेरच्या तारेत, राउटरमध्ये, राउटरपासून संगणकापर्यंतच्या हवेत, नाहीतर संगणकाच्या पोटात. राउटर म्हणजे तो दिवे लुकलुकणारा डबा, जो बाहेरची लाइन घरात वायफायनं वाटतो. जुन्या शहरातल्या एका किराणा दुकानदारानं हा डबा लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवला होता. काहून? तर शेजारचे पोट्टे फुकट वापरतात म्हणून. पोट्टे थांबले, हे खरं. सोबत त्याचाही व्यवहार थांबला. आणि पातूरचे एक गुरुजी तर नुसता पडदाच चादरीत गुंडाळून बसनं माझ्या दुकानात घेऊन आले. बाकीचा संगणक घरी. "चेहरा ह्याच्यातच अटकते ना," म्हणाले. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? मी त्यांना चहा पाजला आणि पडदा परत चादरीत बांधून दिला.

पण यंदाच्या उन्हाळ्यात मला जी लाइन भेटली, तिनं माझ्या सगळ्या अनुभवाचं भरीत केलं.

जुन्या शहरातूनच इंगळे काकूंचा फोन आला. यजमानांना हिवाळ्यात लकवा मारला होता. उजवा हात-पाय हळूहळू वळणावर येत होता, पण वाचा गेली होती. सगळं कळायचं, शब्द निघायचा नाही. निघाला तरी अर्धाच. नागपूरच्या एक मॅडम आठवड्यातून काही वेळा व्हिडिओ कॉलवर त्यांना बोलायला शिकवत होत्या. पडद्यावर चित्र दाखवायच्या, स्वतःचे ओठ हलवून दाखवायच्या, काका तसं म्हणायचा प्रयत्न करायचे. मोबाइलवर एवढंसं चित्र त्यांना दिसत नव्हतं, शिवाय त्या घरात मोबाइलची रेंजही धड नव्हती. म्हणून लेकीनं संगणक घेऊन दिला होता. आणि तो कॉल तुटत होता.

मी गेले. तीन खोल्या एकामागं एक, भिंती अशा जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस बसावा. पुढं बैठक, मधली खोली काकांची, मागं स्वयंपाकघर आणि मागच्या गल्लीत उघडणारं दार. "जय भीम, या ताई, पुढून या, पुढून," काकू म्हणाल्या आणि आत काहीतरी ओढल्याचा घरघर आवाज आला. बैठकीत बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्ची, पाणी, मग चहा. मग मधल्या खोलीत गेले. टेबलावर संगणक, पलंगावर काका, आणि माझ्या खुर्चीच्या पाठीशी चाकांवरचा हा एवढा पत्र्याचा कूलर, पूर्ण वेगात, थेट माझ्या मानेवर.

"काकांकडे करा ना," मी म्हटलं.

"राहू द्या जी, उन्हातून आल्या तुमी."

काकांनी डाव्या हातानं पलंगावर थाप मारली आणि कूलरकडे बोट केलं. घशातून एक आवाज काढला, त्याला शब्दाचा आकार नव्हता.

"आणतो ना जी परत," काकू त्यांना म्हणाल्या, "पाहुणी आली, जरासा दम धरा."

मला ओशाळल्यासारखं झालं. आजारी माणसाचा वारा आपण खातोय. कामाला लागले. राउटर बैठकीतल्या भिंतीवर होता, सिग्नल पूर्ण. लाइनचा वेग चांगला. माझ्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला, ती आरशासारखी स्वच्छ दिसली, तिच्या मागच्या कढईतली फोडणीसुद्धा ऐकू आली. तरी संगणकातला फालतू पसारा काढला, कॅमेरा पुसला आणि निघाले.

बोलता बोलता काकूंनी सांगितलं की काका अमरावतीच्या बसस्थानकावर नियंत्रक होते. लाउडस्पीकरवर गाड्या पुकारायचे. मी दारातच थांबले. मी नांदगाव खंडेश्वरची. कॉलेजला असताना रोज अमरावती करायची, आणि संध्याकाळी तो आवाज ऐकल्याशिवाय घरी जाता येत नव्हतं. काय आवाज होता! भेळवाले, हमाल, रडणारी लेकरं, सगळ्यांच्या वरून यायचा. एकदा नांदगावची गाडी सुटली आणि मी ओढणी सावरत तिच्यामागं धावले, तर वरून स्पीकर गरजला, "ए बैताड पोट्टी! थांब! जीव जाईन! ड्रायव्हर, गाडी थांबवा, ते पोट्टी येऊन राहिली." बैताड म्हणजे डोकं ठिकाणावर नसलेली. अख्खं बसस्थानक हसलं. गाडी मिळाली, पण मैत्रिणी पुढं कितीतरी दिवस मला त्याच नावानं हाका मारत होत्या आणि त्या स्पीकरवाल्याला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या होत्या.

तो आवाज आता पलंगावर बसून पलंगाला थापा मारत होता. मी काकांना काही सांगितलं नाही. काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "ताई, तुमी गेल्या अन् तुटलं."

परत गेले. पुढून या, घरघर, पाणी, चहा, मानेवर वारा, काकांची थाप. कॉल लख्ख. मी तासभर बसून राहिले, एकदाही अडखळला नाही. घरी पोचते तोच फोन: "तुटलं जी."

मग लाइनच्या कंपनीचा माणूस आला. त्यानं लाइन चांगली आणि संगणक खराब ठरवला. मी संगणक दुकानात आणून तपासला आणि लाइन खराब ठरवली. तो म्हणे बाईला कळत नाही, मी म्हणे पोराला कळत नाही. आमच्या धंद्यात अर्धा वेळ हे असंच चालतं. बिचाऱ्या काकू मधल्या मधे दोघांनाही चहा पाजत होत्या. राउटर बदलला. कॅमेरा बदलला. मी असले की चालायचं, मी गेले की बंद. देवाची गोष्ट असती तर लोकांनी माझ्यापुढं नारळ फोडला असता. काकू तर एकदा अगदी मनापासून म्हणाल्या, "तुमचा पायगुण चांगला हाय ताई. कॉलच्या येळेपुरत्या येऊनच बसत जा ना." मी हसले, पण आतून चरफडत होते. मशीनला पायगुण कळत नाही. मशीन कारणाशिवाय बिघडत नाही आणि कारणाशिवाय सुधरत नाही. हे मी नव्या गिऱ्हाइकांना ठणकावून सांगते. आणि इथं मला कारण सापडत नव्हतं.

चिडचिडीपलीकडची गोष्ट पुढच्या वेळी कळली. काकू कपात साखर ढवळत बसल्या होत्या, ढवळतच राहिल्या.

"मॅडम म्हणून राहिल्या, काही फरक पडून नाही राहिला. शब्दाचा शेवट गळते म्हणे यांचा. 'भात' म्हटलं तर 'भा' एवढंच जाते तिकडं. मी इथं बाजूले बसेल असतो ताई, मले तर कधी कधी पूर्ण आयकू येते. पण मॅडम म्हणतात, मले जे आयकू येते त्याच्यावरच सांगीन ना मी."

मॅडमचं काही चुकत नव्हतं. शब्द काकांच्या तोंडात तुटतोय की लाइनमध्ये, हे नागपुरात बसून त्यांना कसं कळणार? पण त्यांनी काकांना मागच्या धड्यावर नेलं होतं. अ, आ, इ. ज्या माणसानं उभी हयात गावांची नावं पुकारली, तो पडद्यासमोर लेकरासारखा 'आ' करत होता, तोही तिकडं अर्धाच पोचत होता. मॅडम म्हणाल्या होत्या, पुढच्या कॉलपर्यंत बघू, नाहीतर हे लांबून शिकवणं थांबवू आणि तुम्ही यांना नागपूरला आणत जा. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, ते वाया घालवू नका. आणि काकूंचे गुडघे असे की त्यांना बैठकीतून स्वयंपाकघरात जायचं म्हटलं तरी भिंत धरावी लागायची. नागपूर कसलं होतंय?

"अन् यायलेही कळते ना सगळं," काकू काकांच्या खोलीकडं मान करत म्हणाल्या. "कॉल झाला का तोंड फिरवून घेतात भिंतीकडं. बोलायची कोशिशच सोडून देतीन, याचंच भेव वाटते मले."

मी त्या दिवशी घरी गेले आणि स्वयंपाकाला हात लावला नाही. ही लाइन मला सापडली नाही तर एका माणसाची वाचा माझ्या हातून जाणार होती. हे आमच्या धंद्यात कुणी शिकवत नाही. आम्हाला वाटतं आपण पत्र्याचे डबे दुरुस्त करतो.

पुढचा कॉल होता त्या दुपारी मी ठरवून गेले. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मला वाटेत उशीर झाला आणि मी पोचले तेव्हा कॉल सुरू झाला होता. पुढचं दार उघडं होतं, पण बैठकीतून आत जायच्या दारात कूलर उभा. मी बाहेरून हाक मारली, तर आतून काकूंचा आवाज आला, "कल्पना, मागून ये व माय. कॉल सुरू हाय, कूलर नको हलवू. तू का आता पाहुणी हायेस?"

इतक्या चकरांत मी 'अहो ताई'ची 'अगं कल्पना' कधी झाले, ते मला त्या क्षणी कळलं. गल्लीला वळसा घालून मी मागच्या दारानं, घरची माणसं येतात तशी, स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत आले.

आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांसमोर कॉल तुटत होता.

मॅडम तोंड उघडं ठेवून गोठल्या होत्या. मग एकदम हलल्या, "का... पुन्... म्ह..." आणि परत गोठल्या. काका घामाघूम होऊन पडद्याकडे बघत होते. मला आनंद झाला, हे सांगायला लाज वाटते, पण झाला. एवढ्या दिवसांनी चोर समोर उभा होता.

सवयीनं मी आधी राउटरचे दिवे बघायला मान वळवली. दिवे दिसले नाहीत. दारात कूलर होता.

दारात कूलर होता. माझ्या पाठीवर नव्हता. त्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकीच नव्हती, म्हणून कूलर रोज याच दारात उभा राहायचा, पुढची हवा ओढून काकांच्या पलंगावर सोडायचा. घरची माणसं मागच्या दारानं ये-जा करायची. पण पाहुणीला स्वयंपाकघरातून आत कसं घ्यायचं? म्हणून मी आले की घरघर करत कूलर दारातून निघायचा, मला वाट द्यायचा आणि माझ्या पाठीशी येऊन थांबायचा. चार बाजूंनी जाड भिंती, वायफायला आत यायला ते एकच दार, आणि त्या दारात लोखंडी पत्रा, ओली जाळी आणि तळाशी टाकीभर पाणी. वायफायचं पाण्याशी आणि लोखंडाशी जन्माचं वाकडं. मी गेले की काकू कूलरचाच आधार घेत तो परत दारात ढकलायच्या, आणि दार बंद.

इतके दिवस मी त्यांचा पाहुणचार तपासत होते. ज्या घरात पाहुण्याला उकाड्यात बसवायची रीत असेल, तिथं मला ही खोट पहिल्याच दिवशी सापडली असती.

मी कूलरला खांदा लावला आणि बाजूला ढकलला. पडद्यावर मॅडमचं तोंड मिटलं, डोळे हलले. "अरे, आता स्पष्ट दिसताय तुम्ही. काय केलंत?"

"कूलर?" काकू पलंगाच्या काठावरच बसल्या. "त्याच्यानं होऊन राहिलं होतं? मी तर यायले गरमी होते म्हणून लावून राहिली होती, माय."

त्यावर उपाय अगदी साधा होता. भिंतीच्या वरच्या कडेनं तार आणून राउटर काकांच्याच खोलीत बसवायचा, कूलरनं खुशाल दारात राहायचं. ते मी संध्याकाळपर्यंत करून टाकलं. खरोखर पाच मिनिटांचं काम नव्हतं, पण फार नव्हतं. त्या क्षणी मात्र माझं लक्ष पलंगाकडे गेलं.

काकांनी डावा हात कपाळावर मारून घेतला. मग तोच हात पुढं करून बोट कूलरवर रोखलं. तिथून बैठकीतल्या राउटरकडे नेलं. तिथून संगणकाकडे. मग परत कूलरवर, आणि पलंगावर थाप. पहिल्या दिवसापासून ते जी थाप मारत होते, ती हीच.

कॉल तुटायचा तेव्हा त्या पडद्यासमोर दर वेळी तेच तर बसायचे. कूलर हलला की चालतं आणि लागला की तुटतं, हे बघायला त्या घरात त्यांच्याइतका वेळ कुणाला होता? मी येऊन मशीनचं पोट उघडत होते, कंपनीचा पोरगा तारा मोजत होता, आणि कारण पलंगावर बसून बोटानं दाखवत होतं. आम्ही सगळे त्यांना म्हणत होतो, दम धरा जी, आणतो वारा. एवढ्या दिवसांत सगळ्यात जास्त वैताग कुणाला आला असेल, तर तो त्यांना.

"काका," मी म्हटलं, "तुमाले माहीत होतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ गोळा झाले, सुटले. पुन्हा गोळा झाले. मानेची शीर तटतटली. काकू उठायला लागल्या, मी त्यांना हातानं थांबवलं.

"बै... ताड," काका म्हणाले. दम घेतला. "बैताड. पोट्टी."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "अवं माय, काय बोलता जी, घरी आलेल्या बाईले."

"थांबा काकू, थांबा," पडद्यातून मॅडमचा आवाज आला. त्या खुर्चीतून पुढं सरकल्या होत्या. "मला आलं. सगळं आलं. शेवटचा 'ड'सुद्धा आला. काका, कुणाला म्हणालात ते? पुन्हा म्हणा."

काकांनी डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलं. त्यांना तो बसस्थानकावरचा दिवस आठवत असण्याचं काही कारण नाही. माझ्या पांढऱ्या केसांत त्यांना पोट्टी कुठून दिसली, तेही मला माहीत नाही.

"बैताड पोट्टी," ते म्हणाले, या वेळी जरा मोठ्यानं.

"ताई, राग नका धरू," काकू रडत रडत मला म्हणाल्या. घाईत पुन्हा 'ताई' झालं होतं.

मी खुर्ची ओढून काकांच्या पलंगाशी बसले. "म्हणा काका," म्हटलं, "दिवसभर म्हणा."